पाला खरा होता

पावसाळ्यात आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सला कॉल येतात ते साप चावल्याचे नाहीतर बाळंतपणाचे. त्या बुधवारी दिवस मावळताना ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका वाडीवरून कॉल आला, 'माणूस वेड्यागत करतोय, चौघांना आवरंना.' पायलट म्हणाला, "म्याडम, बाधा-बिधा असंल. देवरुशी आधी जाऊन आला असंल, बघा." (108 च्या गाडीवर ड्रायव्हरला पायलटच म्हणतात.) त्याचं म्हणणं खरं निघालं. उंबऱ्याशी लिंबू कापलेलं होतं.

मी बीएएमएस. 2014 साली ही सेवा राज्यात सुरू झाली तेव्हापासून गाडीवरच्या डॉक्टरांत आमच्यासारखे आयुर्वेदवाले पुष्कळ आहेत. माझा इथला बहुतेक वेळ सलाईन, ऑक्सिजन आणि रस्त्यातल्या खड्ड्यांत जातो. द्रव्यगुण, म्हणजे औषधी वनस्पतींची ओळख आणि गुण, शिकले होते ते आठवायची वेळ क्वचितच येते. त्या दिवशी आली.

माणूस बेचाळीसचा, वाशीच्या मार्केटात माथाडी. पाठ धरली म्हणून तीन महिन्यांपूर्वी गावी आलेला. सोप्यात उभा होता, अंगातून घामाच्या धारा, हात थरथरत होते. आणि तो पोती उचलत होता. समोर काहीच नव्हतं, पण हा वाकायचा, दोन्ही हातांनी धरायचा, खांद्यावर टाकायचा, चार पावलं चालून भिंतीशी उतरवायचा. "सत्तावीस... अठ्ठावीस... ए, गाडी मागं घे." मध्येच पायावरच्या मुंग्या झटकायचा. मुंग्याही नव्हत्या. नाडी 138, रक्तदाब 170 वर 104, अंगात ताप, साखर ठीक. डोळे हळदीसारखे.

"दारू कधीपासून बंद आहे?" मी विचारलं.

त्याची आई पुढं झाली. चेहऱ्यावर थोडा अभिमानच होता. "आयतवारी रातीपासनं थेंब न्हाय दिला बाई. कोंडून ठिवलाय. आन् औशीद चालू हाय." तिनं कोनाड्यातली जुडी आणून दाखवली. बायको हळूच म्हणाली, मोबाईलवर बघितलं होतं, एकवीस दिवस रस दिला की लिव्हर साफ होतं, डिटॉक्स होतं. सासूला ते बघायची गरजच नव्हती. तिच्या माहेरी काविळीला हेच ताकातून देत आले होते.

मी फांदी उलटी केली. पानांच्या खाली ओळीनं मोहरीएवढी हिरवी फळं, प्रत्येकाला बारीक देठ. भुईआवळी, एकदम अस्सल. हिची एक जुळी बहीण असते, तिची फळं बिनदेठाची आणि खरबरीत. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत सरांनी दोन्ही फांद्या पुढ्यात ठेवल्या होत्या तेव्हा मी चुकले होते. ही बाई कधीही शाळेत गेली नव्हती आणि तिनं बांधावरून बरोबर तीच उपटली होती.

पण त्याला जे झालं होतं त्याचा पाल्याशी काही संबंध नव्हता. रोज पाऊण बाटली पिणाऱ्याच्या मेंदूवर दारूचा ब्रेक सतत दाबलेला असतो, म्हणून मेंदू अ‍ॅक्सिलरेटर वाढवत नेतो. एके दिवशी ब्रेक काढून घेतला की गाडी घाट सोडून उधळते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांच्या दरम्यान असा भ्रम होतो. फिटचं विचारलं तर मंगळवारी सकाळी "फेफरं आल्यागत" झालं होतं, कांदा हुंगवला होता. तेव्हाच फोन यायला हवा होता. उपचार नसतानाच्या काळात या अवस्थेत गेलेल्या शंभरातले तीसेक दगावायचे. आता वेळेवर पोचलं तर पाचाच्या आत.

शीर धरायला तो हात स्थिर ठेवेना. पुण्याच्या कंट्रोल रूममधल्या डॉक्टरांशी बोलून मिडाझोलाम हे शांत करणारं इंजेक्शन दंडातच दिलं. पायलट आणि दोन पुतणे त्याला धरून होते. दहा मिनिटांनी तो भिंतीला टेकून बसला, पण बोटं चालूच, पोत्याची शिवण चाचपत. कराडपर्यंत सव्वा तास पाऊस. आई मागं माझ्याशेजारी बसलेली, जुडी अजून हातात. अर्ध्या वाटेत तिनं विचारलं, "म्या माझ्याच हातानं लेकराला मारत व्हते का?"

काय सांगणार? मी म्हणाले, "मावशी, पाला चुकला नाही. दारू एकदम तोडली, ते अंगावर आलं. ती दवाखान्यात ठेवून, औषध देऊन उतरवत आणायची असते."

खरं सांगायचं तर भुईआवळीबद्दल माझंच मत अधूनमधून हलतं. चरकात ती तामलकी या नावानं येते, तीही खोकला आणि दमा यांच्या औषधांच्या गणांत. 1988 साली मद्रासच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये छापलं की तिच्या पावडरीनं हिपॅटायटीस बी चा अंश 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून गेला. आम्ही विद्यार्थी हे छाती फुगवून सांगायचो. पुढं इतरांनी करून पाहिलं तर तसं हाती लागलं नाही, हे मात्र आम्हाला कोणी शिकवलं नाही. आणि 'डिटॉक्स' हा शब्द ऐकला की मी हल्ली बिथरते. दारूचं विष रात्रंदिवस यकृतच काढत असतं. त्याला धुवायला बाहेरून कोणी लागत नाही, फक्त वरून ओतणं थांबावं लागतं. आणि थांबवायचं कसं, तिथंच ही बाई फसली होती.

कराडच्या उपजिल्हा रुग्णालयात त्याला थायमिन या जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, मेंदू शांत ठेवणारं लोराझेपाम, सलाईन असं चालू झालं. सहाव्या दिवशी दुसरा पेशंट सोडायला गेले तेव्हा वॉर्डात डोकावले. तो पेज पीत बसला होता. पोत्यांचं काही आठवत नव्हतं. मी म्हटलं, अठ्ठावीसपर्यंत मोजली होतीत. तो ओशाळून हसला, "म्हंजे गाडी अर्धीच भरली की."

आईनं पिशवीतून जुडी काढली, वाळून काळी पडलेली. "आता द्यायचा का ह्यो?"

"यकृताच्या तपासण्या पुन्हा होईपर्यंत काहीच नको. ना पाला, ना मोबाईलवरचं काही. पुढं द्यावासा वाटला तर इथल्या डॉक्टरांना दाखवून, विचारून."

तिनं जुडी पुन्हा पिशवीत ठेवली. "मग शेरडाला घालती," ती म्हणाली. "फुडल्या पावसात बांधाला हाईच की ती."