एकशे आठ लिस्बनला लागत नाही

मे महिन्यातली रात्र, एक वाजून दहा मिनिटं. पणजीच्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसचा रात्रीचा फोन त्या आठवड्यात माझ्याकडे होता. पलीकडून म्हापशाची एक मुलगी रडत बोलत होती. "दादा, पप्पा-आई लिस्बनला आहेत ना, पप्पांच्या छातीत कळ आलीय, घामानं भिजलेत. आई कधीपासून एकशे आठ लावतेय, लागतच नाही. तुम्ही ॲम्ब्युलन्स पाठवा."

इथून ती पाठवता येत नाही, हे आधी सांगावं लागलं. तातडीचा नंबर युरोपात ११२, आपल्याकडेही ११२. पण पणजीहून तो फिरवला तर गोव्याच्याच कंट्रोल रूममध्ये वाजतो आणि पुढे पोर्तुगालचा कोड जोडूनही तिकडे पोचत नाही. १०८ तर आपल्याकडचाच. तातडीचा नंबर फोन ज्या देशात आहे तिथलाच लावायचा, आणि आजारी माणसाजवळ जो आहे त्यानंच. हॉटेल असतं तर मी रिसेप्शनला उठवून त्यांना लावायला सांगितलं असतं. पण हे दोघं लिस्बनच्या आल्फामा या जुन्या भागातल्या एका इमारतीत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये उतरले होते.

मुलीनं तिच्या आईला, म्हणजे काकींना, व्हॉट्सॲपवर जोडून दिलं. लिस्बन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे तिकडे संध्याकाळचे आठ चाळीस. काकांचा फोन त्यांनी स्पीकरवर टेबलावर ठेवला आणि स्वतःचा हातात घेतला.

"काकी, तुमच्या फोनवर वरती विमानाचं चित्र आहे का?"

"आहे की. बिल येईल म्हणून दाबोळी विमानतळावर लावलेलं, ते काढलंच नाही."

घोळ तिथं होता. फ्लॅटच्या वायफायवर व्हॉट्सॲप चालत होतं, म्हणून फोन चालू आहे असंच दोघांना वाटत होतं. पण व्हॉट्सॲपवरून ११२ लागत नाही, त्याला मोबाइलचं नेटवर्क लागतं. डेटा रोमिंग बंद असू दे, पॅक घेतलेला नसू दे, स्क्रीनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं येऊ दे, तरी ११२ जातो. हाताशी जे नेटवर्क असेल त्यावरून तो जोडला जातो, आपल्या कंपनीचा त्यांच्याशी करार असो वा नसो. पैसे पडत नाहीत. सिम मात्र फोनमध्ये हवं. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये सिमशिवाय हा कॉल जातच नाही.

विमान काढलं, वर दांड्या आल्या. एक, एक, दोन. पुढे शून्य नाही, प्लस नाही.

कुणीतरी पोर्तुगीजमध्ये बोललं. काकींनी मी सांगितल्याप्रमाणे "इंग्लिश प्लीज, मेडिकल" म्हटलं. मग पुन्हा रिंग वाजू लागली आणि काकींनी फोन ठेवून दिला. "बाबा, कट झाला रे."

कट झाला नव्हता. पोर्तुगालात ११२ आधी पोलीस उचलतात. आजारपण आहे म्हटल्यावर ते कॉल वैद्यकीय केंद्राकडे देतात. मधली रिंग त्याचीच असते. ती ऐकून ठेवून देणारे पुष्कळ. काकींच्या बाबतीत तर तिकडून परत फोन येण्याचीही सोय नव्हती, कारण त्यांच्या सिमवर रोमिंग सुरूच केलेलं नव्हतं. अशा सिमवरून तातडीचा कॉल बाहेर जातो, आत काही येत नाही. म्हणून समोरचा "ठेवा" म्हणेपर्यंत ठेवायचं नाही.

दुसऱ्यांदा लागला. काकी सकाळपासून किती चालले, जेवणात काय खाल्लं ते सांगू लागल्या, समोरची बाई "ॲड्रेस? ॲड्रेस?" करत राहिली. तिचं बरोबर होतं. लाइन मध्येच तुटली तरी पत्ता हाती असेल तर गाडी निघते. आधी ठिकाण, मग +९१ सकट आपला नंबर, मग काय झालं, वय किती, शुद्धीवर आहेत का, श्वास नीट आहे का. एवढ्याच क्रमानं.

पत्ता माझ्यासमोर बुकिंगच्या कागदावर होता. रस्त्याचं नाव, घर नंबर, आणि पुढे '२ डीटीओ'. काकींना तो फ्लॅटचा नंबर वाटला होता. डीटीओ म्हणजे दिरैतु, उजवीकडचा. समोरच्या दारावर ईएसक्यू असतं, इश्केर्दु, डावीकडचा. दुसरा मजला, उजवं दार. हे मी अक्षर अक्षर सांगितलं, काकींनी तसंच पुढे वाचलं.

समोरच्या बाईनं काकांना बसवूनच ठेवायला सांगितलं, एक पाऊलही चालवायचं नाही. औषधं विचारली. इथं गोळीच्या ब्रँडचं नाव उपयोगी नाही, पट्टीवर छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचायचं. "ॲम्लोडिपिन," काकी चष्मा शोधत शोधत वाचत होत्या. इमारतीचं खालचं दार बंद, लिफ्ट नाही, आणि काकांना सोडून खाली जायचं नव्हतं. काकींनी डावं दार ठोठावलं. तिथला मुलगा दार उघडायला धावला. आल्फामाच्या पायऱ्यांच्या गल्लीत गाडी शिरत नाही. ती खाली थांबली, माणसं खुर्ची घेऊन चढून आली.

मुलीचा फोन आल्यापासून पत्ता पोचेपर्यंत अकरा मिनिटं गेली. एकट्या फ्लाइट मोडनं त्यातली किती खाल्ली, ते आजही मला सलतं.

विम्याच्या मदत केंद्राला मी त्यानंतर फोन केला, आणि क्रमही तोच योग्य. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे पोर्तुगालसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो हॉस्पिटलच्या बिलासाठी. ॲम्ब्युलन्स त्यानं येत नाही. वकिलातीचंही तेच.

आमच्या फोल्डरच्या पहिल्या पानावर आमचाच नंबर ठळक होता, ११२ कुठंच नव्हता. ही चूक आमची. आता प्रत्येकाला तळहाताएवढं कार्ड देतो, देशानुसार वेगळं. युरोपला ११२. ब्रिटनला ९९९, ११२ही चालतो. दुबईला ॲम्ब्युलन्स ९९८, पोलीस ९९९. थायलंड १६६९, सिंगापूर ९९५, जपान ११९, श्रीलंका १९९०, अमेरिका ९११, ऑस्ट्रेलिया ०००. मागे राहायच्या जागेचा पत्ता, मजला आणि दार.

काकांना स्टेंट घालून तीन आठवड्यांनी दोघं परत आले. काकी ऑफिसात आल्या तेव्हा मी त्यांना नवीन कार्ड दाखवलं. त्यांनी ते हात लांब करून धरलं, डोळे बारीक केले आणि टेबलावर परत ठेवलं.

"अक्षर मोठं कर बाबा. त्या वेळी चष्मा सापडत नाही."