चिकणा आणि तुपकडी : कुंडीतल्या पहिल्या पावसाळ्याची नोंद

मागच्या जानेवारीत वेताळ टेकडीच्या उतारावरून चिकणा (सिडा कॉर्डिफोलिया) आणि तुपकडी (सिडा अक्युटा) यांचे बी मी वेगवेगळ्या पाकिटांत आणले होते. जूनमध्ये ते तसेच पेरले आणि तीन आठवडे दोन्ही कुंड्या कोऱ्याच राहिल्या. जास्वंदीच्या या कुळातल्या अनेक बियांचे कवच इतके घट्ट असते की पाणी आत शिरतच नाही, हे ठाऊक असूनही मी घाई केली होती. दुसऱ्या खेपेस प्रत्येकी वीस बिया पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासून रात्रभर भिजवल्या, सकाळी फुगलेल्या तेवढ्याच पेरल्या. आठवडाभरात तुपकडीची चौदा आणि चिकण्याची नऊ रोपे वर आली.

ही दोन्ही नावे गावोगाव एकमेकांसाठी वापरली जातात, म्हणून ओळख पक्की करण्यावर मी सर्वाधिक वेळ घालवला. चिकण्याचे पान हृदयाकृती आणि मखमलीसारखे लवदार असते. झारीने पाणी घातले की थेंब त्या लवेवरच अडून राहतात. तुपकडीचे पान भाल्यासारखे निमुळते व दातेरी असते, पण तिची खरी खूण देठाच्या बुडाशी आहे. तिथल्या उपपर्णांच्या (देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना येणाऱ्या इवल्या पानांसारख्या भागांच्या) जोडीतले एक दोऱ्यासारखे बारीक, तर दुसरे चांगले रुंद आणि शिरा दिसणारे असते. दहापट भिंगाखाली हा फरक एकदा पाहिला की रोप फुलावर येण्याची वाट पाहावी लागत नाही.

फुलांवरून मात्र मला फारसे हाती लागले नाही. दोन्हींची फुले लहान, पिवळी, मधोमध पुंकेसरांची एकच जुळलेली नळी असलेली. माझ्या गच्चीवर तुपकडी दहाच्या सुमारास उमलते आणि दुपार कलली की मिटते, त्यामुळे छायाचित्रे सुट्टीच्या दिवशीच काढता आली.

ऑक्टोबरात फळे सुटी करून मोजली. तुपकडीच्या फळाच्या सहा-सात फोडी निघाल्या, प्रत्येकीवर दोन आखूड चोची. चिकण्याच्या दहा फोडींवर लांब शूक (काट्यासारखी ताठ टोके) असून त्यांवरचे केस खालच्या दिशेने वळलेले आहेत. टेकडीवरून परतताना मोज्यांत हेच अडकून येते.

आता तिसऱ्या कुंडीत सिडा ऱ्हॉम्बिफोलिया लावायचा आहे. त्याचे बी डिसेंबरात गोळा करीन आणि या वेळी घासल्याशिवाय एकही बी पेरणार नाही.