सोळाशे पटींचा मोह

स्वस्तातल्या डिजिटल मायक्रोस्कोपच्या खोक्यावर सगळ्यांत ठळक काय छापलेलं असेल, तर तो आकडा. एका खोक्यावर १००० पट, शेजारच्यावर १६०० पट. किंमत दोन्हींची सारखीच, दोन हजारांच्या आतबाहेर. मग हात आपोआप सोळाशेकडे जातो. आमच्या घरातही, माझ्या सर्किट बोर्ड दुरुस्तीच्या नादापायी, सोळाशेवालाच आला आणि मी त्याचा हिशेब मांडायला बसलो.

हल्लीच्या सर्किट बोर्डांवर ०४०२ मापाचा रेझिस्टर, म्हणजे विजेला आवर घालणारा इवलासा भाग, असतो. एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद. चिमट्यातून निसटून जमिनीवर पडला तर शोधायच्या भानगडीत पडू नये, दुसरा घ्यावा. हा रेझिस्टर खरोखर सोळाशे पट मोठा दिसला तर त्याची लांबी होईल एक मीटर साठ सेंटिमीटर. म्हणजे आमच्या हिच्या उंचीचा रेझिस्टर, आणि ऐंशी सेंटिमीटर रुंद. तो मावणार कुठे? आणि मावला तरी एवढ्या धिप्पाड रेझिस्टरचं मी करणार काय?

मुळात पडद्यावर बघायच्या यंत्राला 'इतके पट' म्हणण्यात फारसा अर्थच नाही. बोर्डाचा दोन सेंटिमीटरचा तुकडा चौतीस सेंटिमीटर रुंदीच्या लॅपटॉपभर पसरला की झाले सतरा पट. तीच केबल हॉलमधल्या मीटरभर रुंद टीव्हीला पोचली की पन्नास पट. भिंग तेच, कॅमेरा तोच, तपशीलही तेवढाच. फक्त आपल्याला मोठं काहीतरी घेतल्याचं समाधान. प्रयोगशाळेतले महागडे मायक्रोस्कोप, ज्यांच्या भिंगाखाली तेलाचा थेंब सोडून बघतात, तेसुद्धा हजार-दीड हजार पटींच्या पुढे नवं काही दाखवू शकत नाहीत. प्रकाशाच्या लहरींच्या लांबीनंच ती हद्द आखून दिलेली आहे. खोकं छापणाऱ्याला मात्र लहरींची अडचण नसते.

बोर्डाचं निम्म्याहून जास्त काम दहा ते वीस पटींत उरकतं. त्याच्या वर गेलात की यंत्राचं नाक थेट बोर्डाला टेकतं. नळकांड्याच्या आकाराचे जे स्वस्त मायक्रोस्कोप असतात त्यांना दोनच जागी नीट फोकस मिळतो, एकदा लांबून आणि एकदा अगदी चिकटून. चिकटून बघताना चित्र झकास येतं, पण सोल्डर, म्हणजे जोडाचा धातू, वितळवायचं सोल्डरिंग आयर्न घालायचं कुठून? घातलंच तर सोल्डर नीट पसरावं म्हणून लावलेल्या फ्लक्सचा धूर भिंगावर जाऊन बसतो आणि चिकट राळेचा थर पुसत बसावं लागतं. म्हणून मला विचाराल तर असलं यंत्र घेताना भिंगाकडे बघूच नये, भिंगाच्या खाली किती मोकळी जागा उरते ते बघावं. आयर्न, चिमटा आणि माझी बोटं एवढी मंडळी तिथे सुखानं नांदली पाहिजेत. ही मोकळी जागा खोक्यावर छापलेली नसते.

यंत्राबरोबर जो स्टँड येतो त्याच्याविषयी न बोललेलंच बरं. स्वयंपाकघरात कुणी नारळ फोडला तरी पडद्यावर भूकंप होतो. आमचा मायक्रोस्कोप आता जुन्या टेबल लॅम्पच्या दांड्यावर चढला आहे आणि दांड्याच्या बुडाशी वजनाला चिऱ्याचा तुकडा आहे. गोव्यात आमच्या पर्वरीला कुठे ना कुठे बांधकाम चालू असतंच, तेव्हा चिऱ्याच्या तुकड्यांना तोटा नाही. फक्त त्याची लाल पूड सुटत राहते, म्हणून त्याला जुन्या चादरीचं अंगरखं शिवलं आहे. शिवणारीनं 'आता दगडांनाही कपडे' एवढाच शेरा मारला.

खरी कसरत पुढे आहे. पडद्यावर बघत काम करायचं म्हणजे हात खाली आणि डोळे समोर. शिवाय कॅमेऱ्यातून चित्र पडद्यावर यायला किंचित उशीर होतो. हात थांबलेला असतो, पडद्यावरचा हात अजून चालत असतो. सुरुवातीला आयर्नचं टोक नेहमी बोर्डावरच्या भागाच्या हव्या त्या धातूच्या पायाच्या पुढे जातं. हळूहळू हात सबुरी शिकतो. दुसरी अडचण खोलीची. एकाच भिंगातून बघताना वर-खाली कळत नाही. टोक पॅडवर, म्हणजे पाय जिथे जोडायचा त्या बोर्डावरच्या धातूच्या ठिपक्यावर, टेकलंय असं डोळे शपथेवर सांगतात आणि ते प्रत्यक्षात दोन मिलिमीटर अधांतरी असतं. याला उपाय सावलीचा. दिवा एका बाजूला ठेवायचा आणि टोकावर नव्हे, टोकाच्या सावलीवर नजर ठेवायची. टोक आणि सावली एकमेकांना भेटली की टेकलं समजायचं. दोन डोळ्यांनी बघायचे स्टिरिओ मायक्रोस्कोप घेणाऱ्यांना ही गंमत करावी लागत नाही, पण त्यांना त्यासाठी बरेच पैसे मोजावे लागतात.

दिव्याचं म्हणाल तर यंत्राच्या तोंडाभोवती एलईडींचं कडं असतं आणि बहुतेक वेळा ते बंद ठेवणं उत्तम. सोल्डर चकचकीत. प्रत्येक थेंबावर त्या एलईडींचे ठिपके उमटतात आणि खालचं काही दिसेनासं होतं. आयसीवरचा, म्हणजे बोर्डावरच्या काळ्या चिपवरचा, नंबर हल्ली लेझरनं कोरलेला असतो. समोरून प्रकाश टाकला तर पाटी कोरी, बाजूनं तिरका टाकला की अक्षरं उठून येतात. ट्रेसिंग पेपर लावून दिवा मऊ करता येतो. पण या कामाला आमच्याकडचा सर्वांत चांगला दिवा फुकटात मिळतो, तो जुलैमधला. खिडकीबाहेर आभाळ भरून आलेलं, ऊन कुठूनच नाही आणि उजेड मात्र सगळीकडून सारखा. त्या मळभात सोल्डरचा प्रत्येक उतार, प्रत्येक चीर स्वच्छ दिसते. पाऊस सगळ्यांचे बोर्ड बिघडवतो आणि ते बघायला उजेडही तोच पुरवतो.

नवा मायक्रोस्कोप हाती आला की माणूस आधी टोकदार वस्तू त्याच्याखाली धरतो. मी चिमटा धरला. इंग्लंडात रॉबर्ट हूकनं १६६५ साली आपली सूक्ष्मदर्शकातली निरीक्षणं छापली, त्यातलं पहिलंच निरीक्षण सुईच्या टोकाचं आहे. त्याला ते टोक बोथट आणि ओबडधोबड दिसलं. माझ्या चिमट्याचंही तेच. 'अतिसूक्ष्म टोकाचा' म्हणून घेतलेला चिमटा म्हणजे वाकडी झालेली दोन खोडं होती आणि एकाला जुन्या सोल्डरचं गाठोडं चिकटलेलं. मग आयर्नचं टोक बघितलं. मग माझे जोड बघितले. कारखान्यातला जोड आयसीच्या पायापासून पॅडपर्यंत आतल्या बाजूला बाक घेत, पातळ होत उतरतो. सोल्डर धातूला नीट 'भिजवतं' तेव्हा असा उतार येतो. माझे जोड चवथीला पोरांनी वळलेल्या नेवऱ्यांसारखे, म्हणजे करंज्यांसारखे होते, सारण जास्त आणि कडा कुठे मिटलेली, कुठे उघडी. चालत होते सगळे. पण चालणं वेगळं आणि बघवणं वेगळं.

घरच्यांना बोर्डात रस नाही. मात्र मायक्रोस्कोपात सर्वांना आहे. मुलीनं मोबाइलचा पडदा खाली धरला आणि पांढऱ्या रंगात पांढरं काहीच नसतं, नुसते लाल, हिरवे, निळे ठिपके असतात हे बघून तासभर सगळे मोबाइल आळीपाळीनं त्याखाली गेले. आईनं अबोलीची पाकळी आणि तांदळातला टोका बघितला. टोका बघितल्यावर तिनं सगळा तांदूळ उन्हात घालायचं फर्मान काढलं. हिनं कुणबी साडीचा पदर आणला. लाल चौकडीतला उभा-आडवा धागा, त्यातले पीळ, एखाद्या जागी धागा सांधल्याची गाठ. मला हे सर्वांत आवडलं. याच कामातून भिंगाचा नाद लागलेला एक मोठा माणूस होऊन गेलाय. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा लेवेनहूक, १६३२ ते १७२३. धंदा कापडाचा आणि कापडवाले धाग्याची प्रत भिंगातून तपासत. त्यानं स्वतः घासलेलं एकच इवलंसं भिंग पितळी पट्टीत बसवलं आणि पाण्याच्या थेंबातले जीव बघितले. त्याचं आज शिल्लक असलेलं सर्वांत ताकदीचं यंत्र साधारण पावणेतीनशे पटींचं आहे. त्याला कुणी सोळाशे सांगितले नव्हते म्हणून बरं.

त्याच्या यंत्रात एकावेळी एकालाच बघता येई, तेही डोळ्याला अगदी चिकटवून. पडद्याचा फायदा, आणि तोटाही, हा की बघायला सगळे आणि मत द्यायलाही सगळे. दिवाळीच्या आधी आमच्या वाड्यावरची पोरं नरकासुराच्या पुतळ्याचा बोर्ड घेऊन येतात. नरकासुर आता नुसता उभा राहून भागत नाही. हात हलायला हवेत, मान वळायला हवी, डोळे पेटायला हवेत. त्यासाठी गाडीच्या वायपरच्या मोटरी, त्या चालू-बंद करणारे विजेचे खटके, म्हणजे रिले, आणि त्यांना हुकूम देणारा एखादा आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड. बोर्ड येतो तो बहुधा आदल्या संध्याकाळी आणि तक्रार ठरलेली: "काका, डावा हात मध्येच थांबतो." असल्या वेळी मी आधी वीज मोजायचा मीटर काढत नाही. रिलेचे आणि कनेक्टरचे पाय मायक्रोस्कोपखाली धरतो. जड भागांच्या पायांभोवती हादऱ्यांनी आणि तापण्या-निवण्यानं सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडते. दुरुस्तीवाले याला ड्राय सोल्डर म्हणतात. नुसत्या डोळ्यांना जोड धडधाकट दिसतो. पडद्यावर मात्र पायाभोवती काळं वर्तुळ उमटतं आणि कनेक्टर जरा हलवला की पाय त्या वर्तुळात स्वतंत्रपणे डुलतो. पोरं ओरडतात. मग कुठला पाय आधी करायचा यावर चौघांची चार मतं. पहाटे नरकासुर जाळण्याआधी मोटरी आणि बोर्ड काढून घेतात. असुर दर वर्षी नवा, रिले त्याच.

मात्र मायक्रोस्कोपचं खरं मोसमी काम जून-जुलैत. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी. डोंगर उतरलं की मालीमची जेटी, तिथे ट्रॉलर ओळीनं बांधून पडलेले. जाळी दुरुस्त होतात, रंग लागतो आणि वर्षभर दटावून चालवलेली उपकरणं बाहेर निघतात. एक ओळखीचे ट्रॉलरवाले फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र, घेऊन आले. पिशवीतून काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हें जाता जाल्यार पळयात." म्हणजे, हे होत असेल तर बघा. दुखणं असं की सेट कधी चालतो, कधी नाही. समुद्रात नेला की नाही, जेटीवर आणला की हो.

आत बोर्डाच्या एका कोपऱ्यात, पॉवरची केबल शिरते तिथे, हिरवं उठलं होतं. तांब्याला खारी हवा लागली की असं होतं, आपल्याकडे राऊटरपासून विहिरीच्या पंपाच्या स्टार्टरपर्यंत सगळीकडे दिसतं (स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टच्या फटीत चिरडलेली मुंगीही सापडते, तो वेगळा अध्याय). पण इथे हिरव्याच्या पलीकडे, दोन ट्रॅकच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांच्या, मधल्या फटीत, आणखी काही होतं. बारीक, काळसर, फांद्या फुटलेलं. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. त्या ओलीत वीज आली की पॉझिटिव्हकडचा धातू विरघळतो, त्याचे आयन निगेटिव्हपाशी जाऊन साठतात आणि तिथून धातूची फांदी उलट पॉझिटिव्हकडे वाढत येते. टेकली की शॉर्ट. पुष्कळदा त्या शॉर्टमध्ये ती स्वतःच जळून जाते आणि सेट पुन्हा शहाण्यासारखा चालू लागतो. पुढची फांदी वाढेपर्यंत. मालकांना पडद्यावर ती फांदी दाखवली. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं की हे मूळ आतून आलंय की बाहेरून. समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाचा प्रश्न बरोबर होता. गंजलेल्या केबलच्या वेटोळ्यातून पाणी आत आलं होतं.

असा बोर्ड धुताना लोक थेट अल्कोहोल ओततात. मीठ अल्कोहोलात फारसं विरघळत नाही. आधी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ दातब्रश, त्यानंतर ते पाणी ओढून घ्यायला अल्कोहोल. जुलैत वाळवायचं म्हणजे दिवसभर टेबल लॅम्पखाली. मग पुन्हा मायक्रोस्कोप, आणि धुण्याचं पाणी आयसीच्या पोटाखाली राहिलं नाही ना याची खात्री. एका जागी ट्रॅक पुरता खाल्ला गेला होता. तिथे एनॅमलच्या बारीक वायरीचा पूल टाकला, दहा पटींत, सावलीकडे बघत. शेवटी वरून पारदर्शक वॉर्निशचा हात, पुढच्या मोसमासाठी. नवी केबल त्यांनीच आणली.

सेट चालला. पैसे मी घेत नाही हे त्यांना ठाऊक असावं, कारण ते तयारीनंच आले होते. बंदीच्या दिवसांत ताजं कुठलं, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेले खारे बांगडे. आपुलकीनं त्यांनी ती पुडी नेमकी टेबलावर ठेवली, धुऊन, वाळवून, वॉर्निश लावलेल्या बोर्डाच्या शेजारी. कागदातून चिमूटभर खडे मीठ सांडलंही. ते पायऱ्या उतरेपर्यंत मी थांबलो आणि एक खडा मायक्रोस्कोपखाली सरकवला. कडा झिजलेल्या होत्या, पण मधोमध एक लहानसा स्वच्छ घन होता, कोपरे काटकोनात. त्याच्यावर फोकस करत असताना आतून हाक आली, "अहो, बघून झालं असेल तर ते बांगडे इकडे द्या, किसमूर करायचीय."