तुम्ही शांत कशा राहता?

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कंपवात आहे. आता ते जवळजवळ अंथरुणालाच खिळलेत. माझी नोकरी चालू आहे, घरचं सगळं चालू आहे. त्यामुळे ऑफिसात, नात्यात, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा एक प्रश्न हमखास येतो: एवढं सांभाळून तुम्ही शांत कशा राहता? ध्यान वगैरे करता का? मी आजवर हसून वेळ मारून नेली. पण परवा एका मैत्रिणीने अगदी कळवळून विचारलं. तिच्याही घरी आता तेच सुरू झालंय. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

ध्यान मला जमत नाही. डोळे मिटले की औषधांची यादी सुरू होते. मी डोळे उघडे ठेवून बघते. रोजच्या रस्त्यावरची झाडं, खिडकीतून दिसणारे पक्षी. नुसतं ‘वा, किती छान’ म्हणून पुढे जाण्याने मला तरी काही मिळालं नाही. थांबून, बारकाईने बघितलं तरच.

आमच्या बसस्टॉपसमोर पिंपळ आहे. फाल्गुन-चैत्रात त्याला पालवी फुटते ती हिरवी नसते, तांबूस-गुलाबी असते आणि उन्हात आरपार दिसते. कोवळ्या पानात हरितद्रव्य भरायच्या आधी हा लाल रंग असतो आणि कडक उन्हापासून पानाला थोडं संरक्षण देतो. देठ लांब आणि लवचीक, म्हणून वारा पडलेला असतानाही एखादं पान एकटंच हलत असतं. बस येईपर्यंत मी एकच फांदी बघते. दुसऱ्या दिवशी तीच फांदी. रंग कुठून बदलायला लागला, हे हळूहळू दिसायला लागतं.

याने शांत का वाटतं, यावर मी बराच विचार केला आहे. दिवसभरात मी ज्या ज्या गोष्टीकडे बघते, तिला माझ्याकडून काहीतरी हवं असतं. फाईलला सही हवी असते, अप्पांना कूस बदलून हवी असते, फोनला उत्तर हवं असतं. पिंपळाला माझ्याकडून काहीही नको असतं. तेवढा वेळ मी कोणाच्या उपयोगाची नसते, आणि तो वेळ मला फार लागतो.

काळजी त्याने जात नाही, हेही सांगायला हवं. रात्री अप्पांना पाणी पिताना ठसका लागला की माझा जीव आजही टांगणीला लागतो. पण सकाळी उठताना मी आधीसारखी रिकामी झालेली नसते.

अप्पांची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. त्यांची कॉट आम्ही खिडकीशी हलवली. बाहेर शेवग्याची एक वाळकी फांदी होती, आणि तिथून टुक-टुक-टुक असा एकसुरी आवाज यायचा. तो आधी त्यांनी ऐकला, मी नाही. तांबट पक्षी. चिमणीपेक्षा जरा मोठा, हिरवा, कपाळ आणि गळा लालभडक, डोळ्याभोवती पिवळं. ओरडताना त्याची चोच मिटलेलीच असते. गळा फुगतो, बसतो, आणि दर टुक्‌ला डोकं हलतं. जोडीने त्या फांदीच्या खालच्या अंगाला गोल भोक पाडायला घेतलं. चोचीने कोरायचं, भुसा बाहेर टाकायचा, की परत आत. अप्पांना बोलायला आता फार कष्ट पडतात, पण मी ऑफिसातून आले की ते आधी त्यांची खबर द्यायचे. “आज डोकं आत गेलं.” मग, “आज सगळा आत मावला.” औषध आणि दुखणं सोडून आमच्यात बोलायला काहीतरी होतं.

मध्येच सोसायटीने ती फांदी तोडायचं ठरवलं. पडायची भीती होती, त्यांचंही बरोबरच. मी जाऊन सांगितलं, पिल्लं उडेपर्यंत थांबा, तोवर खाली कोणी गाडी लावायची नाही. सगळ्यांनी ऐकलं. समोरच्या काकू तर रोज वर बघून अप्पांना हात करायला लागल्या.

लोक म्हणतात, आम्हाला वेळ कुठे आहे? वेगळा वेळ मलाही नाही. दूध उतू जायची वाट बघताना, सिग्नलला, डॉक्टरांच्या बाकावर जो वेळ असतो, तोच. त्यासाठी महाबळेश्वरही नको. सहल छानच असते, पण मला बळ लागतं ते मंगळवारी दुपारी.

मैत्रिणीला मी सांगितलं, जाण्या-येण्याच्या वाटेवरचं एकच झाड धर. सध्या एप्रिल संपत आलाय, बहावा आणि तामण दोन्ही फुलायचे दिवस. तामण म्हणजे आपलं राज्यफूल, आणि शहरात रस्त्याकडेला ते पुष्कळ लावलेलं आहे. त्याचा तुरा जवळून बघा. पाकळ्यांच्या कडा चुरगळलेल्या असतात, वरची ताजी फुलं गडद जांभळी आणि खालची जुनी फिकट होत गेलेली. तुमच्या भागात कुठे फुललाय ते मलाही कळवा, अप्पांना सांगेन.