कललेल्या तळाचा आकार : घरी बांधलेली कयाक दिशा कशी धरते आणि वळते कशी

कोल्हापूरच्या पंचगंगेकाठच्या गावांनी पुराच्या पाण्यात गुळाची काहील सोडून पैलतीर गाठणारी माणसे पाहिलेली आहेत. काहील गोल असल्यामुळे तिला पुढचे टोक नाही आणि मागचेही नाही. प्रत्येक वल्ह्यासरशी ती स्वतःभोवती फिरू पाहते. वळण्यात तिच्याइतके तत्पर काही सापडणार नाही आणि सरळ जाण्यात तिच्याइतके हट्टीही नाही. लाकडी कयाक, म्हणजे बसून वल्हवायची लांब, अरुंद नाव, बांधायला घेणारा माणूस बहुधा असे धरून चालतो की एका टोकाला ही काहील, दुसऱ्या टोकाला शर्यतीची लांबसडक नाव, आणि आपल्याला या दोहोंमधला एक बिंदू तेवढा निवडायचा आहे. मला ही मांडणी अपुरी वाटते. कयाक सरळ उभी असताना तिच्या तळाचा एक आकार पाण्यात असतो आणि ती कुशीवर कलवली की दुसरा. दिशा धरण्याचे काम पहिल्या आकाराकडे आणि वळण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवता आले, तर दोन्ही गुण एकाच नावेत बऱ्याच अंशी नांदू शकतात.

आधी सरळ उभ्या नावेचे पाहू. बाजूने पाहिले असता तळाची मधली रेषा टोकांकडे जी वर उचललेली दिसते, त्या बाकाला रॉकर म्हणतात. नाव वळते तेव्हा तिची टोके पाण्यातून आडवी सरकतात. टोक मध्यापासून जितके दूर, तितका त्याचा आडवा वेग अधिक. पाण्याचा विरोध त्या वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि वर तरफेची लांबीही अधिक असते. म्हणून तळाच्या शेवटच्या दीड-दोन फुटांत जे घडते त्याचा परिणाम मधल्या सहा फुटांपेक्षा कितीतरी मोठा असतो. आराखड्यावर ‘रॉकर तीन इंच’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्यावरून फारसा बोध होत नाही. तो बाक संपूर्ण लांबीत सावकाश पसरलेला आहे, की मधला भाग सपाट ठेवून फक्त टोकांशी आलेला आहे, हे पाहावे लागते, कारण एकाच आकड्याच्या या दोन नावा पाण्यात अगदी वेगळ्या वागतात.

त्यातही दोन्ही टोकांचे काम सारखे नाही. पुढे जाणाऱ्या नावेचे पुढचे टोक न ढवळलेल्या पाण्यात शिरते आणि दोन्ही बाजूंच्या दाबामुळे जागी धरले जाते; मागचे टोक मात्र नावेनेच ढवळलेल्या पाण्यात असते, त्यामुळे ते सहज घसरते. नाव वळते ती बहुतांशी मागचे टोक बाहेर घसरल्यामुळे. वाऱ्यात नावेचे तोंड वाऱ्याकडे फिरण्याची खोड याच कारणाने जडते. बाजूने आलेला वारा पुढच्या टोकाला फारसा हलवू शकत नाही, सैल असलेल्या मागच्या टोकाला मात्र तो ढकलत नेतो. पावसाळ्याआधी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पश्चिमेकडून सुटणारा वारा आडवा घेऊन वल्हवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही; एकाच बाजूचा दंड भरून आलेला असतो. म्हणून बाक दोन्ही टोकांना समान ठेवण्याऐवजी पुढे थोडा अधिक आणि मागे कमी ठेवलेला आराखडा मला पसंत आहे.

लांबीविषयी थोडक्यात सांगायचे तर, पाण्यातील लांबी 16 फूट असलेल्या कयाकची व्यावहारिक वेगमर्यादा ताशी सुमारे 10 किलोमीटर येते आणि 14 फुटी नावेची सव्वानऊच्या आसपास. आपण निवांत वल्हवतो ते ताशी पाच-सहा किलोमीटरने. त्या वेगाला लांब नावेचे मोठे ओले पृष्ठ उलट थोडे जड जाते. तळ्यासाठी आणि बंधाऱ्याच्या फुगवट्यासाठी 14 ते 15 फूट पुष्कळ झाले.

आता कललेल्या नावेकडे येऊ, कारण खरी गंमत इथेच आहे. बसलेल्या माणसाने एक गुडघा वर दाबून कंबरेतून नाव डावीकडे कलवली, की डावीकडची फुगीर बाजू पाण्यात जाते आणि उजवीकडची वर येते. नाव मध्यभागी रुंद आणि टोकांशी निमुळती असेल, तर मधल्या भागाचा फुगवटा भार उचलतो, टोके किंचित वर येतात आणि मागच्या टोकाची पाण्यावरची पकड सुटते. शिवाय पाण्याला टेकलेली रेषा डावीकडे फुगीर आणि उजवीकडे जवळपास सरळ होते. अशी नाव उजवीकडे वळते, म्हणजे कलल्याच्या विरुद्ध बाजूला. सायकलची सवय असलेल्या माणसाला हे सुरुवातीला उलटे वाटते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला नाव कलवून त्याच बाजूने वल्ह्याचा मोठा गोलाकार झोका दिला, की एरवी रेषेत जाणारी नावही आज्ञाधारकपणे फिरते. याउलट, ज्या नावेच्या बाजू लांबवर समांतर गेल्या आहेत, ती कितीही कलवली तरी तिचा पाण्यातील आकार फारसा बदलत नाही, आणि म्हणून ती वळतही नाही.

तळ आणि बाजू यांच्यामधली धारदार कड, जिला चाइन म्हणतात, तिचे महत्त्व इथे कळते. ग्रीनलँडमधील इन्युइट शिकाऱ्यांच्या कातडी मढवलेल्या पारंपरिक कयाकना ही कड ठळक असते, आणि प्लायवूडच्या नावेला ती आपोआपच येते. गोल तळाची नाव सहज, सलग कलते. कडेची नाव कलवल्यावर त्या कडेवर स्थिरावते आणि कुठवर कललो आहोत याची जाणीव देते. ‘कड आली की नाव निकृष्ट’ असा लाकडाच्या अरुंद पट्ट्या जोडून कयाक बांधणाऱ्यांमध्ये एक सूर असतो. तो मला पटत नाही.

हा सगळा आकार प्लायवूडमध्ये उतरवायचा तो तांब्याच्या तारेने फळ्या शिवून आणि सांधे इपॉक्सी व काचतंतूने भरून. ही पद्धत 1963 मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या मिरर डिंगी या शिडाच्या होडीमुळे घरोघरी पोहोचली. चार मिलिमीटरचे मरीन प्लाय आठ फुटी येते, म्हणून टोकांना उतार देऊन दोन तुकडे जोडावे लागतात. जाडीच्या आठपट, म्हणजे 32 मिलिमीटर उतार ठेवला की जोड सलग वाकतो. पण लक्ष द्यायचे ते शिवणीनंतर. प्लाय एका वेळी एकाच दिशेने वाकते, त्यामुळे रॉकर आपण वेगळा घडवत नाही. फळीच्या कडेचा बाक आणि बाजू किती बाहेर झुकवल्या आहेत, या दोन्हींतून तो उपजतो. नावेला आकार देणारा मधला आडवा साचा अर्धा इंच जास्त रुंद कापला गेला, तर बाजू अधिक झुकतात आणि आराखड्यात नसलेला रॉकर नावेत येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणाऱ्या कारागिराला हे एका वाक्यात कळते, कारण साच्यातला केसभर फरक पुढे ओतकामात कुठे जाऊन बसतो हे त्याला ठाऊक असते. असा कोणी ओळखीचा असल्यास साचे त्याच्याकडूनच कापून घ्यावेत.

दुसरा धोका पिळाचा. शिवलेली नाव सैल असते तेव्हा दोन्ही टोकांच्या मधोमध दोरी ताणावी, ठरावीक अंतरांवर सरळ पट्ट्या आडव्या ठेवाव्यात आणि एका टोकाशी एक डोळा मिटून उभे राहून सर्व पट्ट्या समांतर दिसतात का ते पाहावे. पीळ राहून इपॉक्सी वाळली, की ती नाव जन्मभर एका बाजूला ओढत राहते आणि त्याला वल्हवण्यात उपाय नाही. बैठक मात्र घाईने चिकटवू नये. वजन इंच-दोन इंच मागे सरकले तरी मागचे टोक खोल जाऊन नाव अधिक सरळ चालते, पुढे सरकले तर वाऱ्याकडे वळण्याची खोड वाढते. बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातल्यानंतर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला पाणी संथ असते. तिथे, बंधाऱ्यापासून चांगले दूर राहून, बैठक मागेपुढे करून पाहावी आणि मगच ती पक्की करावी.

सरळपणाची उणीव नंतर भरून काढता येते, वळण्याची येत नाही. थोडा जास्त रॉकर असलेल्या नावेच्या मागच्या तळाला लाकडी पाते, म्हणजे स्केग, बसवले की मागचे टोक धरले जाते. सरळ तळाच्या नावेला मागाहून रॉकर देता येत नाही. संभ्रम असेल तेव्हा वळणाऱ्या बाजूला झुकलेला आराखडा घ्यावा. स्केगची पुढची कड मात्र उभी न ठेवता मागे उतरती घ्यावी, नाहीतर जलपर्णीच्या मुळांचा झुबका तिला अडकतो आणि कयाक कितीही सुंदर बांधलेली असली तरी घमेले ओढत नेल्यासारखी चालते.