इव्हान्स गॅम्बिट शिकताना अडवणारी ती सातवी खेळी

इव्हान्स गॅम्बिट, म्हणजे बुद्धिबळात पांढऱ्याने एक प्यादं देऊन हल्ला मिळवायची सुरुवात, शिकवणारे भरपूर मिळतात. पण ऐन अडचणीच्या जागी सगळे हात आखडता घेतात, आणि त्याचा मला अजून राग येतो. इटालियन नावाच्या सुरुवातीत दोघांचे उंट बाहेर आले की चौथ्या खेळीला बी-४ (बी स्तंभातलं प्यादं चौथ्या ओळीत), काळ्याने ते प्यादं मारलं की सी-३, मग डी-४. एवढं एका संध्याकाळी पाठ होतं. पुढे जर्मन खेळाडू अँडरसनचा १८५२चा बर्लिनमधला एव्हरग्रीन डाव दाखवतात. वजिराचा बळी, मात, टाळ्या. झालं शिकवून!

इंदूरला रामबागेत आम्ही काहीजण रविवारी पट मांडतो. तिथले एक काका बी-४चं प्यादं घेतल्यावर अधाशासारखं आणखी काही मारतच नाहीत. उंट ए-५वर नेतात, डी-६ करतात, आणि मी कॅसलिंग केलं (राजाला हत्तीच्या आड नेलं) की उंट सावकाश बी-६वर सरकवून म्हणतात, "घे बाळा, तुझं प्यादं परत."

हा लास्करचा बचाव. १८९४ ते १९२१ जगज्जेता असलेल्या माणसाने शोधलेला, म्हणजे चोख असणारच. परत मिळणारं प्यादं घ्यायला जावं तर मध्ये मारामारी होऊन दोन्ही वजीर पटावरून जातात. हल्ला तिथेच संपतो. वर माझं बी-प्यादं आधीच गेलेलं, त्यामुळे ए आणि सी ही दोन्ही प्यादी एकटी पडतात आणि काका शेवटापर्यंत त्यांच्याच मागे लागतात. प्यादं न घ्यावं, तर काळा एका प्याद्याने पुढे आणि भक्कम. रविवारमागून रविवार हेच. ज्यांना विचारलं ते म्हणायचे, "असं कोणी खेळत नाही." अहो, खेळतात ना, रामबागेत खेळतात!

उत्तर शेवटी जुने डाव एकेक करून पटावर लावताना सापडलं: सातव्या खेळीला कॅसलिंग करायचंच नाही, वजीर बी-३वर न्यायचा. एक तर तो डी-१वरून हलल्यामुळे वजिरांची अदलाबदल टळते. दुसरं म्हणजे सी-४चा उंट आणि वजीर मिळून एफ-७च्या प्याद्यावर नेम रोखतात. काळा बहुधा वजीर डी-७वर आणतो आणि स्वतःच्याच सी-८च्या उंटाची वाट अडवतो. मग डी-प्याद्याने ई-५ मारा. काळा ए-५चा उंट बी-६वर नेईल, नेऊ द्या. आता काळा कोंडलेला आहे आणि कॅसलिंग सवडीने करता येतं. पहिल्यांदा हे खेळलो तेव्हा काका बराच वेळ पटावरून नजर काढेनात. मला फार बरं वाटलं.

काळ्याने सी-३नंतर उंट ए-५ऐवजी ई-७वर मागे घेतला तर कास्पारोव्हने १९९५मध्ये रीगाला आनंदला हरवलं तो डाव बघा, २५ खेळ्यांचाच आहे.

आणि हो, बी-४चं प्यादं न मारता कोणी उंट लगेच बी-६वर नेला तर ए-४ खेळा. ए-६ करून त्याने उंटाला मागे जागा ठेवली नाही, तर पुढच्या ए-५ने उंट अडचणीत येतो.