बर्गनहून: ज्या बाटलीत काहीच नसतं

नॉर्वेत आल्यापासून सगळ्यात जास्त डोकं कशाने उठलं असं कुणी विचारलं तर पाऊस नाही (बर्गनच्या पावसावर लिहून लिहून सगळे थकलेत), हिवाळ्यातला अंधारही नाही, तर ब्लँकची बाटली. सांगते.

आमचं काम ईडीएनएचं. म्हणजे मासा पकडायचा नाही, बघायचाही नाही, नुसत्या पाण्यावरून तिथे कोण कोण राहतं ते काढायचं. मासा पोहता पोहता अंगावरचा बुळबुळीत थर, कातडीचे कण, विष्ठा असं काहीबाही सोडत जातो, त्यात त्याचा डीएनए असतो, पाणी गाळलं की तो फिल्टरवर अडकतो, मग लॅबमध्ये त्यातला ठरलेला छोटासा तुकडा पीसीआरने वाढवायचा, मशीनवर वाचायचा आणि कुठल्या जातीशी जुळतोय ते बघायचं. माशांसाठी बरेच लोक मायफिश नावाचे प्रायमर (नेमका कुठला तुकडा वाढवायचा ते पीसीआरला दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरतात, जपानी मंडळींनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले. साधारण १७० अक्षरांचा तुकडा, पण तेवढ्यावर कितीतरी जाती वेगळ्या ओळखता येतात. जाळं नाही, मारामारी नाही, मासा जिवंत. ऐकायला मस्त वाटतं ना? मलाही मुलाखतीत मस्तच वाटलं होतं.

आता बोटीवर काय होतं बघा. खऱ्या सॅम्पलच्या बाटल्यांबरोबर एक जादा बाटली असते, तीच ही ब्लँक, तिच्यात लॅबमधून भरून आणलेलं एकदम शुद्ध पाणी. समुद्राचा थेंबही नाही त्यात, म्हणजे तरीही त्यात डीएनए निघाला तर तो आपल्याच हातातून किंवा सामानातून आला हे कळतं. ती डेकवर आणायची, बाकीच्यांइतकाच वेळ झाकण उघडून ठेवायची, नवे ग्लोव्हज घालायचे, चिमटा ब्लीचमध्ये बुडवून धुवून घ्यायचा, नवा फिल्टर लावायचा, पंप चालू करायचा आणि ते शुद्ध पाणी गाळत बसायचं. वारा अंगावर येतोय, बोटं बधिर झालीत, बाकीच्या सॅम्पलचे फिल्टर शेवाळी तपकिरी झालेत आणि हा पठ्ठ्या पांढराशुभ्र. त्याचीही हलक्या हाताने घडी करायची, नळीत घालायचा, नंबर टाकायचा, वेळ लिहायची, फ्रीझरमध्ये ठेवायचा. पुढे सिक्वेन्सिंगलाही (मशीनवर डीएनए वाचायला) तो जातोच, खर्च खऱ्या सॅम्पलइतकाच. जावयासारखी बडदास्त, आणि आत काही नाही!

लॅबमध्ये परत हाच प्रकार. डीएनए काढताना एक ब्लँक, पीसीआरला आणखी एक. शिवाय लॅबला दिशा आहे. फिल्टर उघडायची खोली वेगळी, पीसीआरनंतरची खोली वेगळी, आणि एकदा त्या दुसऱ्या खोलीत पाऊल टाकलं की त्या दिवशी पहिल्या खोलीत परत जायचं नाही. कारण पीसीआर झाल्यावर त्या एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती तयार झालेल्या असतात, बाहीला किंवा वहीला चिकटून मागे गेल्या तर नव्या सॅम्पलमध्ये जुनेच मासे दिसायला लागतील. त्यामुळे वही पलीकडे राहिली तर राहिली, उद्या. मला हे सगळं पटतं, तरी दर वेळी चिडचिड होतेच, का कुणास ठाऊक.

पण एका गोष्टीला मात्र मनापासून सलाम. त्या रिकाम्या बाटलीत काय सापडलं ते इथे लपवत नाहीत. आणि सापडतं हो! माणसाचा डीएनए तर ठरलेलाच, कधी गाय, कधी डुक्कर, कधी कोंबडी, कारण लॅबच्या रसायनांमधूनच ते येतं. सॅल्मन तर विचारूच नका, इथल्या फियोर्डांमध्ये सॅल्मन पाळायचे पिंजरे आहेत, त्यामुळे पाण्यात त्याचा डीएनए सापडला म्हणजे तिथे रानटी सॅल्मन आहे असं म्हणायची सोयच नाही. मध्ये एका यादीत एक दुर्मीळ मासा आला, सगळे खूश, माझ्या डोक्यात तर रिपोर्टचा मथळासुद्धा तयार झाला होता, आणि मग त्याच बॅचच्या ब्लँकमध्ये त्याच माशाचे थोडे तुकडे निघाले. आमच्या बॉसने दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, त्या माशावर काट मारली आणि पुढच्या ओळीकडे वळली. आरडाओरडा नाही, कुणाची चौकशी नाही. वर रिपोर्टच्या शेवटी अख्खा तक्ता की कुठल्या ब्लँकमध्ये काय निघालं. स्वतःच्या कामातली घाण स्वतःच मोजून स्वतःच छापायची, हे मला अजून पचायचंय.

आणि हे फक्त आमच्या लॅबपुरतं नाही, इथल्या समुद्राच्या नकाशातही तेच दिसतं. २००५ पासून नॉर्वेचा मारेआनो नावाचा कार्यक्रम चालू आहे, समुद्र संशोधनवाले, भूगर्भवाले आणि नकाशावाले अशा तीन सरकारी संस्था मिळून चालवतात. आधी मल्टीबीम सोनार, म्हणजे बोटीखालून आवाजाचा पंखा तळावर सोडायचा आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून खोली काढायची, मग ठरावीक जागी कॅमेरा सोडून तळाचा व्हिडिओ, मग चिखलाचे आणि प्राण्यांचे नमुने. नकाशा कुणालाही उघडता येतो, लॉगिन नाही, अर्ज नाही, थंड पाण्यातली प्रवाळं कुठे, स्पंज कुठे, सगळं दिसतं. आणि जिथे कॅमेरा सोडलाच नाही ते पण दिसतं. 'शोधलं आणि नाही मिळालं' आणि 'शोधलंच नाही' यातला फरक किती लोक विसरतात ते या धंद्यात आल्यावर कळतं. जगाच्या समुद्रतळाचा आतापर्यंत साधारण पाव भागच नीट मोजून झालाय, बाकीचा तळ आपण अंदाजाने रंगवलेला असतो.

आवाजाचं वेड या लोकांना जुनंच आहे. ऑस्कर सुंड नावाच्या इथल्या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये लोफोटेनच्या कॉड माशांच्या थव्याची प्रतिध्वनीवर उमटलेली चित्रं छापली होती, म्हणजे मासा न पकडता बघायची हौस नव्वद वर्षांची. आता तर इंटरनेटच्या केबलने देवमासे ऐकतात! स्वालबार्डला समुद्राखालून गेलेली फायबर केबल आहे, तिच्यात लेझरचा प्रकाश सोडतात, आवाजाने केबल किंचित ताणली गेली की ते परत येणाऱ्या प्रकाशात कळतं. २०२० मध्ये तिच्या सुमारे १२० किलोमीटरवर त्यांनी देवमाशांचे आवाज पकडले, कुठून आले तेही सांगितलं. एक मायक्रोफोन पाण्यात सोडला नाही.

हे सगळं ऐकून जेवणाच्या टेबलावर एकाने मला सहज विचारलं, तुमच्याकडे असं काही असतं का? सहजच विचारलं, माहीत आहे मला. पण मी सुटलेच.

म्हटलं, हैदराबादला इन्कॉइस आहे, उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासे कुठे मिळतील ते मच्छीमारांना कळवतात, आणि त्याला लागणारे स्वतःचे उपग्रह आहेत आमचे, ओशनसॅट-३ तर २०२२ मध्ये गेला. म्हटलं, हिंदी महासागरातल्या जीवांच्या नोंदींचा डेटाबेस, इंडोबिस, सुरुवातीला पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) होता, समुद्रापासून इतक्या लांब बसून लोकांनी ते काम केलं. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या कासवांना २०२२ मध्ये सॅटेलाइट टॅग लावले तेही सांगितलं. आणि मग माझा हुकमी एक्का. ओडिशात २०२१ मध्ये एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पंखाला धातूचा साधा टॅग लावला होता, नंबर ०३२३३, ती जानेवारी २०२५ मध्ये अंडी घालायला आली कुठे, तर गुहागरला! सुमारे ३५०० किलोमीटर. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगवेगळी असं समजलं जायचं, ते एका पत्र्याच्या तुकड्याने हलवून सोडलं. बॅटरी नाही, सिग्नल नाही, फक्त रात्री किनाऱ्यावर कुणीतरी कंदील, टॉर्च जे असेल ते घेऊन फिरत होतं आणि त्याने नंबर वाचला. प्रश्न विचारणारा बिचारा मान डोलावत राहिला, त्याचं सूप थंड झालं.

खरं सांगायचं तर हे सगळं मी इतक्या जोरात सांगितलं त्याचं कारण वेगळं होतं. आदल्या आठवड्यातच मी अरबी समुद्रातल्या ईडीएनएचे काही निकाल चाळत होते आणि एकामागून एक तुकड्यांपुढे 'ओळख पटत नाही'. तुकडा मशीनने व्यवस्थित वाचलाय, पण तो जुळवून बघायला ओळखीच्या माशांच्या डीएनएच्या यादीत कोणी नाही. उत्तर अटलांटिकचे बरेचसे मासे त्या यादीत आहेत, आपल्याकडच्या कितीतरी जातींचा तो तुकडा कुणी वाचून ठेवलेलाच नाही. मग परिणाम काय होतो, तर पाण्यात जीव भरपूर पण कागदावर आपला समुद्र गरीब दिसतो. मशीन कितीही भारी आणा, आधी मासा हातात घेऊन नीट ओळखणारा माणूस, त्याचा फोटो, जपून ठेवलेला नमुना आणि त्याचा डीएनए असं सगळं एकत्र नसेल तर काही उपयोग नाही. आणि मासे नुसत्या नजरेने ओळखणारी माणसं आपल्याकडे जितकी आहेत तितकी इथे शोधून सापडणार नाहीत, हेही तितकंच खरं. फक्त त्यांना कुणी विचारत नाही. आणि जो डेटा आहे तो मागायला गेलं की 'अर्ज प्रत्यक्ष येऊन द्यावा'. एका ठिकाणाहून मला असं उत्तर आलंय, नाव घेत नाही.

बरं, इथले लोक संत आहेत असंही समजू नका. तळाचा एवढा सुंदर नकाशा बनवणाऱ्या याच देशाच्या संसदेने जानेवारी २०२४ मध्ये खोल समुद्रात खनिजं शोधायला आपला मोठा भाग खुला करून टाकला, त्यांचेच शास्त्रज्ञ ओरडत होते की तिथे काय राहतं ते अजून माहीत नाही, शेवटी वर्षाच्या अखेरीला राजकारणातल्या ओढाताणीत परवाने लांबणीवर पडले. मिंकी देवमासे अजून मारतात, आणि मोजतातही मन लावून, कारण किती मारायचे ते ठरवायला मोजावे लागतात. आणि आपल्याकडे १९५२ मध्ये करार करून केरळात नींडकराला यांत्रिक बोटी घेऊन कोण आलं होतं? हेच. नंतर कोळंबीसाठी तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरांचं पेव फुटलं, आता तिथला तळ कसा बदलला ते मोजायचं तंत्रही यांच्याकडूनच घ्यायचं. हे मी त्या टेबलावर बोलले नाही. एवढ्यासाठीच तर ब्लॉग असतो.

मग मी इथे काय करतेय? आई विचारते, तुम्हीही कमेंटमध्ये विचारता. माझं ठरलेलं उत्तर म्हणजे इथे शिकलेलं उद्या तिकडे कामाला येईल. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे इथे फ्रीझरची वीज जात नाही आणि पाच वाजता घरी जाता येतं.

आणि 'तिकडे कामाला येईल' हे वाटतं तितकं सोपं नाही, ते मला याच महिन्यात कळलं. एका सहकाऱ्याला अरबी समुद्राचं पाणी हवंय. मला म्हणाला, तू सुट्टीत जातेसच, येताना थोडे फिल्टर घेऊन ये. मी कायदा उघडून बसले. जैवविविधता कायदा, २००२, कलम ३. संशोधनासाठी भारतातली जैविक संपदा घ्यायची तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, कुणाला, तर परदेशी नागरिकाला, परदेशी संस्थेला आणि अनिवासी भारतीयाला. संपदेच्या व्याख्येत जनुकीय द्रव्य आहेच. म्हणजे पासपोर्ट भारताचा, पण पाण्याच्या बाबतीत मी आणि तो नॉर्वेजियन एकाच रांगेत! ते वाचून दोन मिनिटं इतकी चरफडले. ज्या पाण्यात पाय बुडवायला मला कुणी अडवत नाही ते गाळायला परवानगी.

पण नंतर विचार केला की नियम बरोबरच आहे. हळदीच्या पेटंटविरुद्ध डॉ. माशेलकरांना आणि सीएसआयआरला अमेरिकेत जाऊन भांडावं लागलं होतं ते आपल्याला पाठ आहे, १९९७ मध्ये ते रद्द झालं. समुद्राच्या पाण्यातून आज जातींची यादी निघते, उद्या त्यातूनच कुणाला औषधाचं रसायन सापडेल. मग आमची परवानगी मागितली तर काय बिघडलं? आणि आता तर हातात मावेल एवढं, शंभर ग्रॅमच्या आसपासचं सिक्वेन्सर मिळतं, लॅपटॉपला जोडलं की डीएनए वाचायला लागतं. पाणी इकडे आणायची गरज काय? तिथेच गाळा, तिथेच वाचा, तिथल्याच माशांची यादी तिथेच पूर्ण करा.

हेच मी त्याला सांगितलं. म्हटलं, सामानातून फिल्टर बिल्टर काही येणार नाही. अरबी समुद्र पाहिजे तर तिकडच्या संस्थेशी रीतसर करार करायचा, काम तिथे करायचं आणि पेपरवर पहिलं नाव तिथल्या माणसाचं घालायचं. मला वाटलं हा आता वाद घालणार. तो म्हणाला बरं, कुणाला मेल करू? मी दोन पत्ते दिले, त्याने चहा संपायच्या आत मेल पाठवून पण टाकला. तर तिकडे समुद्राच्या कामातलं कुणी हे वाचत असेल तर प्लीज एकदा स्पॅम फोल्डर बघा.